मत सांगा, पण पान कितवं?

पुस्तकांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. या वेळची पत्रं बहुतेक कोल्हापूर शहरातली आणि आसपासच्या तालुक्यांतली आहेत.

प्रश्न : निवृत्तीनंतर वाचन पुन्हा सुरू केलं. वर्षभरात पाच पुस्तकं झाली. माझी मतं स्पष्ट आहेत. ‘हिंदू’ – कंटाळवाणी. ‘आहे मनोहर तरी’ – नवऱ्याची बदनामी. ‘उद्या’ – निराशावादी. ‘रिंगाण’ – भाषा अवघड. ‘आयदान’ – विस्कळित. गेल्या महिन्यात मित्रांच्या बैठकीत ही मतं मांडली तर सगळे तुटून पडले. माझं कुठं चुकलं?
– निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी

उत्तर : मत असणं चुकलेलं नाही. कर्जाच्या अर्जावर शेरा मारावा तसं प्रत्येक पुस्तक एका शब्दात निकालात काढलंत, तिथं गडबड झाली. ‘नामंजूर’ लिहिलं की खाली कारण लिहावं लागतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पुस्तकाच्या बाबतीत कारण म्हणजे पान. कितव्या पानावर कंटाळा आला, तिथं कोण बोलत होतं आणि त्या दिवशी तुम्ही किती पानं वाचली होती, एवढं सांगता आलं तर त्या मताला वजन येतं.

‘हिंदू’पासूनच बघू. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी २०१० साली आली, पानं सहाशेच्या घरात. तुम्ही पत्रात लिहिलंय की रोज झोपताना चार-पाच पानं वाचत होता. या चालीनं ती पुरी व्हायला चार महिने लागतात. पहिल्या महिन्यात भेटलेला भाऊबंद तिसऱ्या महिन्यात परत येतो तेव्हा हा कोण, हे आठवत नाही, आणि खापर लेखकावर फुटतं. रोज पंचवीस पानं धरली तर चोवीस दिवसांत पुस्तक संपतं आणि माणसं डोक्यात राहतात. कथेचा मूळ दोरा तसा साधा आहे. उत्खननाच्या कामावर असलेला खंडेराव वडिलांच्या आजारपणामुळे गावाकडं, मोरगावला, निघतो. बाकी पिढ्या, जाती, शेती, म्हणी, भांडणं हे सगळं त्या दोऱ्याला लटकलेलं आहे. म्हणून पहिल्या दिवशी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या, मधोमध खंडेराव लिहा, वर आई-वडील, बाजूला भावंडं, खाली गावातली माणसं. नाव आलं की टिपायचं. चाळीसेक नावं झाली की पुस्तक आपोआप उलगडायला लागतं. पूर्ण नाव ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ असं आहे, ते विसरू नका. माळ्यावरच्या अडगळीत कपाटासारखे कप्पे सापडत नाहीत म्हणून रागावण्यात अर्थ नाही. इतकं करूनही मधल्या भागात तीच चीड पुन्हापुन्हा येते आणि खंडेराव गोष्ट सोडून व्याख्यान द्यायला लागतो असं वाटलं, तर ते जरूर म्हणा. आमचंही थोडंफार तसंच मत आहे. पण ती पानं दाखवा.

सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हापासून तुमचं मत बाळगणारे हजारो वाचक आहेत. बहुतेक जण हे पुस्तक त्यांचे पती पु. ल. देशपांडे यांच्यासाठी उघडतात आणि आत सुनीताबाई भेटल्या की रुसतात. एक प्रयोग करून बघा. पेन्सिल घ्या. पु.लं.वर कठोर वाक्य आलं की डाव्या समासात ‘प’ लिहा, सुनीताबाईंनी स्वतःला फटकारलं की उजव्या समासात ‘स’. साठ पानं झाली की दोन्ही मोजा. उजवा समास रिकामा राहणार नाही. बदनामी करणारा माणूस स्वतःची बाजू लावून धरतो. इथं बाई स्वतःलाही उलटतपासणीला उभं करतात, म्हणून ‘बदनामी’ हा शब्द टिकत नाही. ‘काही ठिकाणी अन्याय झालाय’ हे मत मात्र टिकू शकतं, आणि बैठकीत त्यावर भांडायला मजा येईल.

आत्मकथन वाचताना आणखी एक गोष्ट तपासायची. त्यात ‘मी’ दोन असतात. एकानं भोगलेलं असतं, दुसरा पुढं कित्येक वर्षांनी लिहायला बसलेला असतो. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) हे उघडच मांडलंय. सांगणारा दगडू मारुती पवार, ऐकणारा दया पवार. माणूस एकच, पण नावं दोन. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त ते झाकलेलं आहे, पण हिशेब करता येतो. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला १८९५ साली, पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ साली. मधे जवळजवळ चाळीस वर्षं गेली. त्या धक्क्यात कोसळलेली बाई वेगळी आणि त्याच धक्क्याची गोष्ट हसतहसत सांगणारी बाई वेगळी. कुठलंही वाक्य खटकलं की विचारा, हे कोणता ‘मी’ बोलतोय? तेव्हाचा की आताचा? निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

‘उद्या’बद्दल थोडक्यात. नंदा खरे यांची ही कादंबरी २०१४ची. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खरे यांनी तो घेतला नाही. माणसांवर सतत नजर ठेवणारी व्यवस्था आणि मुलींची घटत जाणारी संख्या असे विषय आहेत, ते वाचून कोणी नाचायला लागेल अशी अपेक्षा नाही. पण ‘निराशावादी’ हा शेरा विषयाला झाला, पुस्तकाला नाही. कादंबरीतल्या दहा गोष्टी कागदावर काढा आणि त्यातल्या किती आज पेपरात येतात त्यांच्यापुढं खूण करा. पाचाच्या वर खुणा झाल्या तर शेरा बदलावा लागेल.

‘रिंगाण’ अवघड वाटली याचं मात्र नवल वाटलं. लेखक कृष्णात खोत पन्हाळा तालुक्यातले. राजारामपुरीतून पन्हाळा वीसेक किलोमीटर. भाषा तुमच्या कानावरची आहे, डोळ्याखालची नाही, एवढीच अडचण. छापील मराठीची सवय झालेला डोळा ‘कराय’, ‘आलंया’, ‘न्हाई’ या अक्षरांपाशी अडखळतो. उपाय जुनाच. पहिली वीस पानं मोठ्यानं वाचा. घरात कोणी हसलं तर हसू द्या. अडलेल्या शब्दावर पेन्सिलीनं टिंब द्या आणि पुढं चला, कोश उघडू नका. प्रकरण संपल्यावर तीनदा आलेले शब्द तेवढे शोधा, एकदाच आलेले सोडून द्या. शोधायला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ चांगला, कारण त्यात प्रांतिक शब्दही भरपूर आहेत. तो आणि मोल्सवर्थचा कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. शोधताना शब्द ऐकू येतो तसा न लिहिता मूळ रूपात लिहा. ‘व्हय’ टाकून काही सापडलं नाही तर ‘होय’ टाकून बघा. धरणानं उठलेलं गाव, मागं राहिलेली म्हैस आणि तिला आणायला जाणारा माणूस, एवढ्यावर ही कादंबरी उभी आहे. प्रमाणभाषेत लिहिली असती तर म्हशीचा वास गेला असता.

‘आयदान’ (२००३) विस्कळित आहे, हे निरीक्षण बरोबर आहे. ऊर्मिला पवार काळाच्या ओळीनं जात नाहीत. रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर चढून-उतरून जाणाऱ्या फणसवळ्याच्या बायका, आई, शाळा, मुंबई, चळवळ असं पुढंमागं चालतं. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणलेल्या वस्तू. आईचं ते विणणं आणि लेकीचं लिहिणं यांचं नातं लेखिकेनंच जोडलेलं आहे. विणताना कामटी एकदा वर येते, मग दिसेनाशी होते, मग पुन्हा वर येते. आईचं जे पहिल्या प्रकरणात आलंय ते पुढं कुठं कुठं वर येतं, तेवढं बघत पुन्हा एकदा चाळा. त्यानंतरही विस्कळित वाटलं तर बैठकीत ठामपणे सांगा.

प्रश्न : ग्रामीण कादंबरीत एक बाई म्हणते, ‘मी गेलो हुतो’. हे मुद्रणदोष आहेत का? एका पुस्तकात सात ठिकाणी सापडले. प्रकाशकाला कळवावं म्हणते.
– नुकतीच पुण्याहून बदली होऊन आलेली वाचक, नागाळा पार्क

उत्तर : कळवू नका, हसतील! कोल्हापूर भागात बायका स्वतःबद्दल बोलताना सर्रास ‘मी आलो’, ‘मी गेलो’, ‘मी खाल्लो’ म्हणतात. शाहूपुरीच्या बाजारात दहा मिनिटं भाजी घेत उभ्या राहिलात तर कानावर येईल. कादंबरीत तपासायची गोष्ट दुसरीच आहे. तीच बाई गावात ‘गेलो’ म्हणते आणि शाळेतल्या बाईंपुढं ‘गेले’ म्हणते का? म्हणत असेल तर लेखकाचा कान पक्का. एकाच संवादात काही कारण नसताना दोन्ही येत असेल, तर मुद्रितशोधकानं निम्मं ‘सुधारून’ ठेवलंय. ते मात्र कळवा.

प्रश्न : गावच्या वाचनालयात ‘झोंबी’ कुठल्या कपाटात ठेवावी यावरून कमिटीत वाद झाला. अर्धे म्हणतात कादंबरी, अर्धे म्हणतात आत्मचरित्र. शिवाय तरुण वाचकांना मोटेची पानं कळत नाहीत.
– ग्रंथालय स्वयंसेवक, कागल तालुका

उत्तर : दोन्ही बाजू बरोबर आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही. ‘झोंबी’ (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे. कागलचा पोरगा, शेतावर राबवणारा बाप आणि शाळेसाठी चाललेली झटापट, हे आनंद यादवांचं स्वतःचं जगणं. पण पुस्तक बांधलंय कादंबरीसारखं. पारखायचं असेल तर लहानपणीचे संवाद बघा. सात-आठ वर्षांच्या पोराला बापाचं अख्खं बोलणं शब्दाला शब्द असं चाळीस वर्षांनी आठवत नाही. ते नव्यानं रचावं लागतं. रचलेला संवाद, प्रसंगाची चढती कमान, प्रकरणाच्या तोंडाशी ठेवलेलं चित्र, हे कादंबरीकाराचं काम. म्हणून यात लिहिलेलं खोटं ठरत नाही. मात्र ‘अमुक दिवशी बाप असंच बोलला’ असा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही, इतकंच.

कपाटाचा निकाल असा लावा. पुस्तक कादंबरीत ठेवा, आणि आत्मचरित्राच्या कपाटात त्या जागी पुठ्ठ्याची पट्टी लावा : ‘झोंबी – कादंबरी विभागात पाहा’. पुढचे भाग ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ या क्रमानं शेजारीच ठेवा. चारही वेगवेगळ्या कपाटांत गेली तर वाचक दुसऱ्यापासून सुरू करतो आणि मग अर्धवट परत करतो. यादवांचीच ‘गोतावळा’ (१९७१) मात्र या रांगेत घुसडू नका. तिथं ‘मी’ म्हणून बोलणारा नारबा हा शेतावरचा गडी आहे, लेखक नव्हे. ‘कोसला’ (१९६३) वाचून पांडुरंग सांगवीकर म्हणजेच नेमाडे असं धरून चालणारे लोक याच खड्ड्यात पडतात. ‘मी’ दिसला की आत्मचरित्र, असं नसतं.

मोटेचं चित्र काढून पुस्तकात ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची कातड्याची मोठी पिशवी, खाली निमुळती सोंड असलेली. तोंडाला बांधतात तो जाड दोर नाडा, वरच्या चाकावरून जातो. सोंडेला बांधतात तो बारीक दोर सोंदूर. बैल उतारानं खाली चालत जातात ती वाट म्हणजे धाव. बैल धावेच्या टोकाला पोचले की मोट वर येते, सोंदूर सोंडेला बाहेर ओढतो आणि पाणी पडतं ते थारोळ्यात. तिथून पाटात. बैल मागं सरकवत आणले की मोट पुन्हा विहिरीत. हे एकदा कळलं की मोट हाकणाऱ्या पोराला शाळेची वेळ का सापडत नाही तेही कळतं, कारण बैल आणि पोरगं दोघंही त्याच वाटेवर दिवसभर खालीवर करत असतात.

प्रश्न : मोबाईलवर ऐकलेलं पुस्तक ‘वाचलं’ म्हणायचं का?
– एस.टी.नं रोज इचलकरंजीला जाणारा वाचक

उत्तर : म्हणा. बोलीतल्या कादंबरीला तर ऐकणं मानवतंच. फक्त वेग दीडपट करू नका, बोलीतला ठेका मरतो. आणि ‘हिंदू’सारखी नावांची गर्दी असलेली पुस्तकं कानानं सुरू करू नका. मागं जाऊन नाव शोधता येत नाही.

प्रश्न : आम्ही दहा जणांनी कळंब्यात वाचनकट्टा सुरू केलाय. दोन बैठका झाल्या. पहिली लेखकाच्या खासगी आयुष्यावर भांडण्यात गेली, दुसरी चहात. पुस्तकं कोणती घ्यावीत, बैठक कशी चालवावी?
– कळंबा

उत्तर : दहा ही संख्या छान. बाराच्या वर गेली की तिघे बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

दोन बैठकांत तीन आठवडे ठेवा. वेळ नव्वद मिनिटं, चहा शेवटी. आधी दिला की वीस मिनिटं गेलीच, आणि सोबत कोणी भडंगाचा पुडा फोडला तर अर्धा तास. येताना प्रत्येकानं एक पान क्रमांक आणि त्या पानावरचा एक उतारा आणायचा, सात-आठ ओळींचा. सुरुवातीला सगळ्यांनी नुसतं वाचून दाखवायचं, भाष्य नाही. दहा जणांना साधारण पंधरा मिनिटं लागतात. दोघा-तिघांनी हमखास एकच उतारा आणलेला असतो. चर्चा तिथून उचला. पाऊण तास होईपर्यंत लेखकाचं लग्न, जात, नोकरी, पुरस्कार आणि पक्ष यांवर बोलायची बंदी. त्यानंतर बोला, पण उताऱ्याला धरून. न वाचता आलेल्यानं फक्त ऐकायचं. हा नियम कडक पाळा, कारण सगळ्यांत जास्त तोच बोलतो. कोणीतरी आदल्या दिवशी एखादं परीक्षण वाचून येतो आणि त्यातली वाक्यं आपली म्हणून ठोकतो. त्याला एकच विचारायचं : पान कितवं?

प्रती दहा विकत घ्यायची गरज नाही. तीन प्रती पुरतात. एका प्रतीमागं तिघे-चौघे, चार धरले तर प्रत्येकाला पाच दिवस. सव्वाशे-दीडशे पानांचं पुस्तक असेल तर रोज तीस पानं होतात, झेपतं. सुरुवातीलाच सहाशे पानांचं पुस्तक घेतलं तर हा हिशेब मोडतो आणि कट्टाही मोडतो. शहरात करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५०पासूनचं ग्रंथालय आहे. दोघा-तिघांनी तिथं किंवा जवळच्या वाचनालयात सभासद होऊन प्रती उचलाव्यात.

पुस्तकांचा क्रम? ‘रणांगण’नं सुरू करा. १९३९ची आहे, पण बोटीवरच्या त्या थोड्या दिवसांत विश्राम बेडेकरांनी जे भरलंय ते आजही शिळं नाही, आणि लहान आहे. मग ‘गोतावळा’, म्हणजे बोलीची सवय लागते. तिसरं आत्मकथन घ्या, ‘बलुतं’ किंवा ‘आयदान’. दोन्ही एकदम नको, तुलनेत दोघांचंही नुकसान होतं. चौथी राजन गवसांची ‘चौंडकं’ किंवा ‘भंडारभोग’. यल्लमा देवीला वाहिलेल्या जोगतिणी आणि जोगते आपल्याच भागातले, यल्लमाच्या यात्रेला जाणारी माणसं प्रत्येकानं पाहिलेली असतात, आणि तरी पुस्तकात दिसतं ते पाहिलेलं नसतं. इथं कट्टा गप्प होईल, घाबरू नका. पाचवी ‘उद्या’. मोठ्या कादंबरीला सहावा महिना उजाडू द्या, आणि तिचे तीन भाग पाडून तीन बैठका करा. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) घ्यायची असेल तर भिंतीवर चिकटवायला मोठा कागद आणा. एका कुळाची कित्येक शतकं आहेत त्यात, वंशवृक्ष डोक्यात मावत नाही.

प्रश्न : मी फक्त अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबऱ्या वाचतो, वेळ वाया जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्यांची यादी द्याल का?
– गंगावेश

उत्तर : यादी देतो, पण तुमची गाळणी थोडी फसवी आहे. रणजित देसाई (‘स्वामी’), वि. स. खांडेकर (‘ययाति’; जन्म सांगलीचा, कोल्हापूरचा मुक्काम शेवटपर्यंत), आनंद यादव (‘झोंबी’), विश्वास पाटील (‘झाडाझडती’), राजन गवस (‘तणकट’), किरण गुरव (‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’), कृष्णात खोत (‘रिंगाण’). यातलं गुरवांचं पुस्तक कादंबरी नाही, कथासंग्रह आहे. नावात ‘डायरी’ बघून अनेक जण फसतात. आणि शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ या यादीत नाही, म्हणून ते तुम्ही वाचणार नाही का?

दुसरी गोष्ट, पुरस्काराचं वर्ष म्हणजे पुस्तकाचं वर्ष नव्हे. अकादमी मधलं एक वर्ष सोडून त्याआधीच्या पाच वर्षांतली पुस्तकं विचारात घेते. २०२३च्या पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१ मध्ये पहिल्यांदा छापलेली पुस्तकं होती. त्यामुळे पुरस्काराची वाट बघत बसलात तर तुम्ही कायम दोन ते सहा वर्षं मागं राहणार, आणि त्या पाच वर्षांतून मराठीतलं एकच पुस्तक तुमच्या हाती लागणार. उरलेल्यातलं काय वाचायचं हे ठरवायला पहिली तीस पानं पुरतात. तिसाव्या पानावर ‘कोण बोलतंय, कोणाशी, आणि आत्ताच का’ या तीन प्रश्नांची उत्तरं देता आली तर पुढं जा. एकही देता आलं नाही तर पुस्तक बिनधास्त परत करा.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलते झकास, वाचताना कंटाळते. आत्मकथनं इंग्रजी अनुवादात दिली तर चालतील का? की मराठीची वाट कायमची बंद होईल?
– आई, रुईकर कॉलनी

उत्तर : चालतील, पण एकटा अनुवाद देऊ नका, जोडी द्या. चांगल्या जोड्या उपलब्ध आहेत. ‘बलुतं’चा अनुवाद जेरी पिंटो यांनी केलाय, ‘स्मृतिचित्रे’चा शांता गोखले यांनी, आणि बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’चा व ‘आयदान’चा माया पंडित यांनी.

सुरुवात ‘स्मृतिचित्रे’नं करा. वाक्यं लहान, बोलल्यासारखी, आणि वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची प्रकरणं वाचून पोरगी हसेल. ‘बलुतं’ नंतर. ते हलवून सोडतं, आणि त्यातली मुंबई कळायला थोडं वय लागतं.

पद्धत अशी ठेवा. एक प्रकरण तिनं इंग्रजीत एकटीनं वाचायचं. मग त्याच प्रकरणातली तीन-चार पानं तुम्ही मराठीत मोठ्यानं वाचायची, ती पुस्तकात बघत बसेल. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळं ती अडणार नाही. आठवड्यातून दोनदा पुष्कळ झालं, रोज केलं तर अभ्यास वाटेल. दोन महिन्यांनी वाचायचं काम तिच्याकडं द्या. चुकलेला उच्चार मधेच दुरुस्त करू नका, पान संपल्यावर सांगा. इथंच बहुतेक घरांत गाडी अडते.

आणि तिच्या हातात एक खेळ द्या. इंग्रजीत समोरच्याला एकच शब्द असतो, मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ असे तीन. इंग्रजी पानावरचा संवाद घेऊन तिनं आधी समासात अंदाज लिहायचा, कोण कोणाला ‘तू’ म्हणत असेल आणि कोण ‘तुम्ही’. मग मराठी पान उघडून ताडून बघायचं. नवरा-बायकोत, सासू-सुनेत, गावच्या पाटलाशी बोलताना तिचे अंदाज चुकतील, आणि का चुकले हे ती तुम्हाला विचारायला येईल.